जॅकेट वॉटरप्रूफ, तरी आतून घामाने चिंब. पावसाळी ट्रेकला घालायचं तरी काय?

वाटसरू_चिंचवड

नमस्कार मंडळी,

मागच्या शनिवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगड केला, पाचनईच्या वाटेने. यंदा मुद्दाम चांगलं जॅकेट घेतलं होतं, साडेसात हजाराचं, लेबलवर १०,०००/१०,००० लिहिलंय, शिवणींना आतून टेप आहे, दुकानदाराने सांगितलं की पाणी आत येणार नाही आणि घाम बाहेर जाईल. पाऊस पहिल्यापासूनच धो धो होता म्हणून गावातूनच चेन गळ्यापर्यंत लावून निघालो आणि अर्ध्या तासात पाठ, दंड, कोपराची आतली बाजू सगळं ओलं. वर देवळापाशी जॅकेट काढून उलटं केलं तर आतल्या बाजूने थेंब ओघळत होते आणि बाहेरून खांद्यावर, बाह्यांवर कापड पाणी पिऊन गडद झालेलं. आता मला हेच कळत नाहीये की जॅकेट गळतंय की हा सगळा माझाच घाम आहे. चालताना गरम व्हायचं, आणि कोकणकड्यावर दहा मिनिटं थांबलो तर वाऱ्याने दात वाजायला लागले.

बरोबरच्या दोघांकडे साधे प्लॅस्टिकचे पोंचो होते, ते माझ्याइतके भिजलेले वाटले नाहीत.

ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या हिमालयात व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंडला जायचंय, तिथे रोज पाऊस असतो म्हणतात. हेच जॅकेट न्यावं का परत करून दुसरं घ्यावं, आणि आत काय घालावं? सध्या आत ऑफिसच्या टीमचा कॉटनचा टीशर्ट घालतो. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

---

इचलकरंजीकर

कापडाच्या धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आधी गळतंय का ते बघून टाका. घरी एक बादली घ्या, जॅकेटचा खांद्याचा भाग बादलीच्या तोंडावर आतली बाजू खाली येईल असा पसरा, हाताने मध्ये खळगा करा आणि त्यात तांब्याभर पाणी ओता. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या आणि मग खालून हात फिरवा. हात कोरडा राहिला तर जॅकेट गळत नाही. शिवणीपाशी थेंब धरले असतील तर टेप सुटलीय, तेव्हा परत करा. खांदाच का, तर सॅकचे पट्टे तिथे दाबतात आणि घासतात, त्यामुळे कोटिंग सगळ्यात आधी तिथलंच जातं.

पण तुमच्या वर्णनावरून मला वाटतं हात कोरडाच राहील. आता ते आकडे. पहिला १०,००० म्हणजे कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, पावसाला हे भरपूर झालं. दुसरा १०,००० म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत १०,००० ग्रॅम वाफ बाहेर जाते. ऐकायला मोठं वाटतं पण तासाचा हिशोब केला तर ४१७ ग्रॅम. जॅकेटचं कापड चौरस मीटरपेक्षा थोडंच जास्त असतं, त्यातली पाठ सॅकखाली दाबलेली, म्हणजे तासाला जेमतेम चारशे मिलिलिटर समजा, आणि तेही प्रयोगशाळेत. खड्या चढावर सॅक घेऊन माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. उरलेलं जाणार कुठे? आतच थेंब होऊन ओघळणार. शिवाय ही वाफेची चाचणी करायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या वाफेच्या दाबातल्या फरकामुळे. जॅकेटच्या आत ३० अंश आणि हवा वाफेने गच्च, तर हा दाब साधारण ४.२ किलोपास्कल. जुलैत गडावर धुक्यात २२-२३ अंश आणि हवा तितकीच गच्च, म्हणजे बाहेर २.७. फरक फक्त दीडचा. हेच हेमकुंडला पावसात ७ अंश असेल तर बाहेरचा दाब १ वर येतो, फरक तीनच्या वर, म्हणजे दुपटीहून जास्त. तेच जॅकेट, तोच माणूस, पण हिमालयात ते सह्याद्रीपेक्षा खूप बरं वागेल. ही कापडं मुळात थंड हवेचा विचार करून बनवलेली आहेत. गोअर-टेक्स या नावाजलेल्या वॉटरप्रूफ कापडाचंही तेच. बॉब गोअरने १९६९ मध्ये शोधलेल्या त्या पापुद्र्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा २०,००० पट लहान आणि वाफेच्या कणापेक्षा ७०० पट मोठी असतात असं सांगतात, कमाल तंत्रज्ञान आहे यात वाद नाही, पण बाहेरची हवाच वाफेने भरलेली असेल तर छिद्रं असून काय उपयोग.

आणि ते गडद झालेलं कापड. बाहेरच्या कापडावर पाणी घसरून जावं म्हणून एक लेप दिलेला असतो. नव्या जॅकेटवर थेंब कसे कमळाच्या पानावरच्यासारखे गोल होऊन पळतात, ते त्याच्यामुळे. तो लेप सततच्या पावसात आणि सॅकच्या घासण्याने दमला की बाहेरचं कापड पाणी पितं. पाणी आत येत नाही, आतला पापुद्रा शाबूत असतो, पण बाहेरून पाण्याचा थर बसल्यावर वाफ निघायचा रस्ता जवळपास बंद. वर ते ओलं कापड अंगाला गार लागतं म्हणून माणसाला वाटतं की गळतंय. तुमच्या बाबतीत हेच झालंय.

---

रानजाई

इचलकरंजीकर दादांनी कापडाचं सगळं सांगितलंच आहे, मी वापराचं सांगते.

सह्याद्रीत पावसात चालताना कोरडं राहायचंच हा हट्ट आधी सोडून द्या, शांत वाटेल. जुलैमध्ये तुम्ही एकतर पावसाने भिजणार किंवा घामाने, तिसरा पर्याय नाही. आपण बघायचं ते एवढंच की ओलं असताना गारठायचं नाही आणि मुक्कामाला घालायचा एक जोड काहीही झालं तरी कोरडा राहिला पाहिजे. एवढ्या दोन गोष्टी जमल्या की ट्रेक सुखाचा होतो.

कॉटनचा टीशर्ट आजपासून बंद. तो पाणी धरून ठेवतो, जड होतो, अंगाला चिकटतो आणि तासनतास वाळत नाही. पॉलिस्टरचा पातळ खेळाचा टीशर्ट घ्या, तीनशे-चारशे रुपयांत मिळतो, पिळला की निम्मं पाणी जातं आणि चालता चालता अंगाच्या उबेवर बराचसा सुकतो. खाली जीन्स अजिबात नको, पातळ ट्रॅकपँट नाहीतर क्विक ड्राय पँट.

चढावर मी जॅकेट घालतच नाही. अगदी मुसळधार असला तरी नुसत्या टीशर्टवर चढते, डोक्याला पुढे छज्जा असलेली टोपी, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. अंग गरम असतं, पाऊस कोमट वाटतो, काही होत नाही. जॅकेट सॅकमध्ये वरच्या वर ठेवते. माथा आला, खिंड आली, वारा लागायला लागला की लगेच चढवायचं, थंडी वाजायची वाट बघायची नाही. तेव्हा जॅकेटचं काम वारा अडवायचं असतं आणि ते काम तुमचं साडेसात हजाराचं जॅकेट झकास करेल. कोकणकड्यावर तुम्हाला जे झालं ते घामाने भिजलेल्या कॉटनमुळे झालं.

आता कोरड्या जोडाबद्दल. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, ते पाठीकडून उघडं असतं आणि तुमच्या पाठीवरून ओघळणारं पाणी सरळ सॅकमध्ये जातं. मी कचऱ्याची मोठी काळी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घालते, सगळं सामान त्यात, वरून तोंडाला पीळ देऊन दुमडून टाकायचं. रात्रीचे कपडे, लोकरीचे मोजे आणि कानटोपी परत वेगळ्या झिपच्या पिशवीत, त्यातली हवा गुडघ्याने दाबून काढायची. हे कपडे फक्त मुक्कामाला. सकाळी उठून परत कालचे ओले, गार, वास येणारे कपडेच घालायचे. पहिल्यांदा हे कुणाला पटत नाही, सकाळी कोरडे कपडे अंगावर असताना ते काढून ओला टीशर्ट डोक्यातून घालणं जिवावर येतं, पण चालायला लागल्यावर पाच मिनिटांत कळतही नाही. कोरडे घालून निघालात तर अर्ध्या तासात तेही ओले आणि मग रात्री घालायला काही नाही.

मुलींसाठी एक. ओली स्पोर्ट्स ब्रा घालून रात्रभर बसू नका, छाती गार पडून हुडहुडी भरते, तीही कोरड्या जोडात ठेवा. आणि बदलायला आडोसा नसेल तर मोठा पोंचो हाच आडोसा, आत हात घेऊन सगळं बदलता येतं. निव्वळ एवढ्यासाठी मी पोंचो नेते.

---

कातळमाथा

रानजाई ताईंशी ९० टक्के सहमत. पण चढावर जॅकेट नकोच हे सगळ्यांना सांगू नये असं मला वाटतं. अंगाने बारीक असलेली पोरं, पन्नाशीच्या पुढचे लोक आणि जे रमतगमत फोटो काढत चालतात त्यांचं अंग तापतच नाही. कळसूबाईला हे दरवर्षी दिसतं, पायथ्याच्या बारी गावातून हसत हसत टीशर्टवर निघालेले असतात आणि शेवटच्या शिडीपाशी ओठ निळे पडून बसलेले असतात. १६४६ मीटरवर उघड्या माथ्यावरचा वारा म्हणजे चेष्टा नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून थंडीचा धोका नाही हा गैरसमज आहे, ओलं अंग आणि वारा एकत्र आले की १५ अंशालाही माणूस गारठतो, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा २५ पट वेगाने ओढून नेतं.

माझ्या मते कपड्यांपेक्षा वेगाचा प्रश्न जास्त आहे. ग्रुपच्या मागे धापा टाकत पळायचं, मग वर थांबून गारठायचं, परत पळायचं, यात घाम दुप्पट येतो. ज्या वेगाने बोलता बोलता चालता येतं तोच वेग धरा आणि थांबे छोटे घ्या. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, गावातच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे, तो तिथेच काढा.

जॅकेट घालायचंच असेल तर बंद करून घालू नका. पुढची चेन छातीपर्यंत उघडी, मनगटाचे पट्टे सैल, बाह्या कोपरापर्यंत वर, काखेत चेन असेल तर पूर्ण उघडी, आणि अगदी सपाट्याचा पाऊस नसेल तर हूड खाली. गळ्यातून आणि काखेतून जेवढी गरम हवा निघते तेवढी कुठल्याच कापडातून निघत नाही. पोंचोवाले कमी भिजले त्याचं कारण हेच, खालून-बाजूने हवा खेळते.

आणि पोंचोपेक्षा भारी म्हणजे छत्री! लोक हसतात पण राजमाचीची लोणावळ्याकडची वाट, अंधारबनचं जंगल, किल्ल्याच्या पायथ्याची गावातली चाल, इथे छत्रीला तोड नाही. डोकं-खांदे कोरडे, अंगाभोवती हवा मोकळी, चष्म्यावर वाफ नाही. मी चष्मेवाला आहे म्हणून मला जास्त कौतुक.

---

रानजाई

कातळमाथा काका, छत्री जंगलात आणि सपाटीला ठीक, पण सोंडेवर, कड्याच्या कडेला, शिड्यांवर अजिबात नको हे पण लिहा ना. दोन्ही हात मोकळे लागतात, आणि वाऱ्याने छत्री ओढली की माणूस पण सोबत ओढला जातो. विजा चमकत असताना तर माथ्यावर मुळीच नको. नवीन लोक वाचतात आणि अर्धंच घेतात.

बाकी बारीक लोकांचं बरोबर आहे, ते मी धरलं नव्हतं.

---

कातळमाथा

मान्य. वाट अरुंद झाली किंवा वारा सुटला की छत्री मिटून सॅकला. पोंचोचंही तेच, शिड्या उतरताना खालचा घोळ पायात येतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, तिथे कमरेला दोरी बांधून टाकावी.

---

मुळाकाठ

आमचं गाव अकोले तालुक्यात, त्याच डोंगरांच्या पायथ्याला. ट्रेकवाली मंडळी हजारोंची जॅकेटं घालून भिजलेली आमच्या ओट्यावर येतात तेव्हा आमच्या म्हाताऱ्या माणसांना नवल वाटतं.

आमच्याकडे भाताची लावणी म्हणजे दिवसभर पावसात वाकून काम. त्याला पूर्वी इरलं असायचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात पळसाची पानं दाबून बसवलेली, डोक्यावरून घ्यायचं ते पार कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकायची. पुढून सगळं उघडं. वाकलेल्या माणसाची पाठच पावसाला लागते, तेवढीच झाकायची, पोटाकडून वारा खेळता. घाम धरायला जागाच नाही. इरलं अंगाला टेकत सुद्धा नाही, मधे हवा असते. आता इरली विणणारे कमी राहिलेत, लोक खताच्या प्लॅस्टिकच्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून खोळ करतात आणि डोक्यावर घेतात, पण पद्धत तीच, पुढून उघडं.

गुरांमागे जाणारे घोंगडीची खोळ घ्यायचे. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, दख्खनी मेंढीची लोकर, विण घट्ट. पाऊस वरच्यावर निथळतो, बराच वेळ आत येत नाही. मग हळूहळू भिजते आणि मणभर जड होते हे खरं, पण भिजली तरी आत ऊब राहते, ती सुती कपड्यासारखी गार पडत नाही. रात्री चुलीपाशी वाळत टाकायची की पहाटे तयार. मी तुम्हाला घोंगडी घेऊन चढा असं सांगत नाही, पण पाणी अडवायचं आणि वारं खेळतं ठेवायचं हे दोन्ही एकदम कसं करायचं ते आमच्या लोकांनी शोधून ठेवलंय, ते बघावं एवढंच.

आणि पावसाचा जोर असेल तर गडावर मुक्काम करायच्या ऐवजी पाचनईत घरी उतरा. जेवण मिळतं, कपडे चुलीच्या वर दोरीवर टाकता येतात. फक्त सिंथेटिकचे कपडे आणि बूट विस्तवाच्या अगदी जवळ टाकू नका, वितळतात.

---

अ‍ॅबर्डीनकर

मुळाकाठ, फार सुंदर माहिती. इरल्यासारखं अंगापासून लांब राहणारं काहीतरी हवं हा मुद्दा इकडे वेगळ्या रूपात भेटला म्हणून लिहितोय.

मी स्कॉटलंडमध्ये राहतो, केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत फिरतो. इथे पाऊस बारीक, आडवा आणि दिवसभर, उन्हाळ्यात पण वर ७-८ अंश. पुण्यात असताना ज्या जॅकेटमध्ये मी घामाने निथळायचो तेच जॅकेट इथे चांगलं चालतं, तेव्हा इचलकरंजीकरांचं गणित शंभर टक्के बरोबर. फक्त एक, थंडीत बाहेरचं कापड गार पडतं आणि वाफ त्याच्या आतल्या बाजूलाच थिजून पाणी होते, म्हणून जॅकेट आणि अंग यांच्यामध्ये पातळ फ्लीस (लोकरीसारखं मऊ सिंथेटिक कापड) असेल तर बरं, ते पाणी त्वचेपर्यंत पोचत नाही.

आणि इथे अनेक जण जाळीचं बनियान घालतात. खरंच जाळीचं, बोटभर भोकं असलेलं. १९३३ मध्ये नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रुन नावाच्या अधिकाऱ्याने हेरिंग मासे पकडायच्या जुन्या जाळ्यातून पहिलं शिवलं असं सांगतात. जाळीमुळे वरचा ओला टीशर्ट त्वचेला चिकटत नाही, भोकांमध्ये हवा राहते, थांबल्यावर तो गारेगार स्पर्श होत नाही. आपल्याकडे पूर्वी आजोबा लोक घालायचे ती जाळीची गंजीफ्रॉक कॉटनची असते त्यामुळे ती नको, पण पॉलिस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची मिळाली तर हेमकुंडसाठी नक्की घ्या. सह्याद्रीत त्याची गरज नाही.

वाटसरू, हिमालयासाठी जॅकेट परत करू नका. आत पातळ टीशर्ट, सॅकमध्ये फ्लीस, आणि एक कोरडं उबदार जॅकेट जे फक्त थांबल्यावर बाहेर काढायचं.

---

मलमपट्टी

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आणि दर पावसाळ्यात ट्रेकवाली मुलं येतात, त्यांच्यासाठी थोडं.

ओल्या कपड्यात चालून मांड्या, काखा, सॅकचे पट्टे बसतात ती जागा सोलवटते. निघायच्या आधीच तिथे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा, सोलवटल्यावर लावून फारसा उपयोग नाही. टाल्कम पावडर ओल्यात लगदा होऊन उलट घासते, ती घरी आल्यावर कोरड्या अंगाला ठीक. मुलांनी सैल बॉक्सरऐवजी मांडीपर्यंत येणारी घट्ट सिंथेटिक शॉर्ट आत घालावी, ९० टक्के तक्रार जाते.

पायाच्या बोटांत चिखल्या होतात. बूट वॉटरप्रूफ असले तरी ओढा ओलांडताना पाणी वरून आत जातं आणि मग बाहेर निघत नाही, दिवसभर पाय पाण्यात. दुपारी जेवायला थांबाल तेव्हा बूट-मोजे काढा, पाय पुसा, पंधरा मिनिटं उघडे ठेवा, मोजे पिळून परत घाला. रात्री कोरडे मोजे. पाय पांढरे, सुरकुतलेले होऊन जळजळायला लागले तर पुढे रेटू नका.

कळकळीची विनंती, जांघेत खाज सुटली, गोल चट्टे आले तर मेडिकलमधून कुणीतरी सांगितलं म्हणून स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. दोन दिवस आराम वाटतो आणि नायटा आतून पसरतो, मग बरा व्हायला महिने लागतात. अशा केसेस बघून वाईट वाटतं कारण सुरुवातीलाच आले असते तर साध्या औषधाने भागलं असतं.

गारठ्याबद्दल कातळमाथा बोललेच आहेत. कुणी थरथरतंय, बोबडी वळलीय, शर्टाचं बटण लावता येत नाहीये, अडखळतंय, चिडचिड करतंय, तर तो दमलाय म्हणून सोडून देऊ नका. वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे काढून कोरडे, डोकं-मान झाकायची, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा. हातपाय चोळू नका आणि दारू अजिबात नाही. थरथर आपोआप थांबली पण माणूस सुस्त झाला तर ती सुधारणा समजू नका, ती धोक्याची खूण आहे, लगेच मदत बोलवा.

आणि पावसात तहान लागत नाही पण घाम तितकाच जातो. संध्याकाळी पोटरीत गोळे येतात ते त्यामुळेही असू शकतं. ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू, थोडं थोडं पीत राहा.

---

वाटसरू_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

बादलीचा प्रयोग केला. वीस मिनिटं ठेवलं, खालून हात पूर्ण कोरडा. म्हणजे तो सगळा घामच होता. जॅकेट ठेवतोय. पॉलिस्टरचे दोन टीशर्ट आणले, काळ्या पिशव्या आणल्या, आईकडे लोकरीचे जुने मोजे सापडले. पुढच्या रविवारी लोहगडला चेन उघडी ठेवून बघतो.

दोन शंका राहिल्या. बाहेरचा लेप परत जिवंत करता येतो का? आणि हेमकुंडला चढताना नक्की कधी काय घालायचं, तिथे गेलेल्या कुणी सांगेल का?

---

कातळमाथा

घांघरिया या पायथ्याच्या मुक्कामाच्या गावाहून हेमकुंड सहा किलोमीटर आणि सगळा खडा चढ, ३००० मीटरच्या आसपासून ४००० च्या वर. खाली घांघरियात सकाळी गार वाटतं म्हणून लोक सगळं चढवून निघतात आणि पहिल्याच वळणांवर घामाघूम होतात. पातळ टीशर्ट आणि वर उघडं जॅकेट एवढ्यावर निघा. उंचीवर दम लागतो त्यामुळे वेग आपोआप कमी होतो, शेवटच्या टप्प्यात अंग तापत नाही, तिथे फ्लीस आत घाला, पण ते घालताना आडोशाला थांबून पटकन घाला. वर पोचल्या पोचल्या ओला टीशर्ट बदलून कोरडा घाला मगच गुरुद्वारात जा, डोकं झाकायला कोरडा रुमाल ठेवा. लंगरमध्ये गरम चहा आणि खिचडी मिळते, ती पोटात गेली की निम्मी थंडी जाते. वर मुक्कामाची सोय नसते, दुपारी उतरावंच लागतं, तेव्हा उतरायला परत तो ओला टीशर्ट घालायची गरज नाही, उतारावर घाम कमी येतो.

व्हॅलीची वाट त्यामानाने सौम्य आहे, तिथे छत्री न्याच. फुलांचे फोटो काढताना कॅमेऱ्यावर धरायला पण तीच. आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवू नका, पावसाने नाही बिघडला तरी घामाच्या वाफेने बिघडतो, झिपच्या पिशवीत घालून मगच खिशात.

---

इचलकरंजीकर

बादलीचा रिझल्ट वाचून बरं वाटलं.

लेप बराचसा परत येतो. जॅकेट आधी धुवा, कारण घाम, तेल, धूळ, मच्छरचं क्रीम यांनीच तो दबलेला असतो. नेहमीची कपड्यांची पावडर नको आणि फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नको, दोन्हीचा अंश कापडात राहतो आणि तो पाणी ओढतो. वॉटरप्रूफ कपड्यांसाठीचा वेगळा साबण मिळतो तो वापरा, नसेल तर अगदी थोडा लिक्विड साबण, कोमट पाणी, सगळ्या चेन लावून हाताने धुवा आणि दोनदा-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. पिळू नका, हँगरला लावून निथळू द्या. वाळल्यावर वरून सुती पंचा टाकून इस्त्री सगळ्यात कमी आचेवर, वाफ बंद, हळूहळू फिरवा. मात्र आधी आतलं लेबल बघा, इस्त्रीवर फुली असेल तर करू नका. उष्णतेने लेप परत उभा राहतो. मग नळाखाली धरून बघा, थेंब गोल होऊन पळाले तर काम झालं. नाहीच पळाले तर बाहेरून मारायचा स्प्रे मिळतो, तो स्वच्छ धुतलेल्या जॅकेटवरच मारा.

आणि पावसाळा संपल्यावर जॅकेट कोंबून पिशवीत भरून माळ्यावर टाकू नका. आपल्या दमट हवेत आतलं पॉलियुरेथेनचं कोटिंग हळूहळू कुजतं, हाताला चिकट लागायला लागतं, मग त्याचे पापुद्रे निघतात आणि शिवणीची टेप सुटते. तसं झालं की काही इलाज नाही, जॅकेट गेलं. पूर्ण सुकवून, कपाटात हँगरवर, सैल, खिशात सिलिका जेलच्या दोन पुड्या. लोहगडहून आलात की त्याच रात्री पंख्याखाली टांगा, सोमवारवर ढकलू नका.